सोसायटी ग्रुप: सी-५०२ चा मुलगा

देशपांडे काकू (ए-१०३): सी विंगखाली पोलीस कशाला आले होते? वॉचमन तोंड उघडत नाही. मेंटेनन्स भरतो आम्ही, एवढं तरी कळायला हवं.

नीलेश (बी-२०१): काकू, सी-५०२ चा मुलगा काल संध्याकाळी क्लासला म्हणून गेला तो आलाच नाही. अकरावीतला.

सावंत (ए-४०४): मोबाईल घरी ठेवून गेलाय. म्हणजे ठरवूनच.

नीलेश: ऑनलाइन गेम. लिहून घ्या.

राणे (डी-६०१): गेटचा कॅमेरा मार्चपासून बंद आहे. कोटेशन कमिटीकडे पडून आहे.

देशपांडे काकू: वडील फार ओरडतात हो त्याला. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

सावंत: तुम्ही ए विंग, ते सी विंग. कान आहेत की काय 😀

देशपांडे काकू: थट्टा नको. आणि डी विंगमधली ती मुलगी आज कॉलेजला गेली होती का, कोणी बघितलं?

कदम (डी-३०२): कुठली मुलगी? नाव घेऊन बोला. डीमध्ये त्या वयाची माझीच मुलगी आहे. ती घरी अभ्यास करतेय.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, शब्द जपून वापरा 🙏

राणे: सेक्रेटरी ऑनलाइन आहेत, तर कॅमेऱ्याचं सांगा.

सावंत: पोलीस म्हणे २४ तास थांबतात.

प्राची, वकील (बी-५०३): असा नियम नाही. अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरण धरून लगेच गुन्हा नोंदवायचा, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलंय. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवरही कळवता येतं.

नीलेश: अपहरण?? मग हे खरंच असेल. [फॉरवर्डेड] *मुलं पळवणारी टोळी डोंबिवलीत! पांढरी व्हॅन दिसली की धरा!*

प्राची: डिलीट करा. धुळ्यात राईनपाड्याला २०१८ मध्ये असल्याच अफवेवरून बाजारात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं होतं.

नीलेश: मी फक्त फॉरवर्ड केलं.

कदम: काकूंनी माफी मागावी.

देशपांडे काकू: मी नाव घेतलं का? ज्याच्या मनात असतं त्यालाच लागतं.

सी-५०२: मी त्याचा बाबा. सगळं वाचतोय. तक्रार कालच दिली आहे. कोणी त्याला पाहिलं असेल तर कृपया फोन करा.

_देशपांडे काकूंनी मेसेज डिलीट केला_
_देशपांडे काकूंनी मेसेज डिलीट केला_

सावंत: दादा, काही लागलं तर हक्काने सांगा. आपण सगळे एक कुटुंब आहोत.

गोखले काका (ए-२०२): काल सव्वासहाला मी भाजी घेऊन येत होतो. स्टेशनच्या शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होता. निळी सॅक, पायात घरातल्या स्लिपर. मला "काका, पिशवी द्या, गेटपर्यंत सोडतो" म्हणाला. मी म्हटलं नको, तुझा नंबर जाईल.

प्राची: काका! हे पोलिसांना सांगितलंत?

गोखले काका: मला कोणी विचारलं नाही. इथे तर व्हॅनचं चाललं होतं.

सी-५०२: काका, खाली येताय का? मी गाडी काढतो, पोलीस स्टेशनला जाऊ. तिथून रेल्वे पोलिसांकडे.

गोखले काका: शर्ट घालतो, आलो.

कदम: मीही येतो. काकूंचं नंतर बघू.

राणे: कॅमेरा चालू असता तर रिक्षा कालच सापडली असती. कोटेशन पुन्हा टाकतोय.