पहिले क्रुसेड मुसलमानांना धर्मयुद्ध वाटले होते का?

शोधयात्री :
१०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पोप दुसरा अर्बन याने केलेल्या आवाहनानंतर निघालेल्या पश्चिम युरोपातील ख्रिस्ती सैन्याने १५ जुलै १०९९ रोजी जेरुसलेम जिंकले. ख्रिस्ती वृत्तांतांत ही मोहीम, म्हणजे पहिले क्रुसेड, ही सशस्त्र तीर्थयात्राच आहे. समोरच्या मुसलमानांनीही तिच्याकडे दोन धर्मांमधील युद्ध म्हणूनच पाहिले का? जाणकारांनी शक्यतो तत्कालीन साधनांच्या आधारे लिहावे, ही विनंती.

दप्तरखाना :
सुरुवातीला, बहुतेकांनी तरी नाही. अलेप्पोचा रिदवान आणि दमास्कसचा दुकाक हे सेल्जुक या तुर्क घराण्यातले भाऊ एकमेकांशी भांडत होते, आणि कैरोच्या फातिमी या शिया राजघराण्याने तर १०९८ मध्येच तुर्कांकडून जेरुसलेम हिसकावून घेतले होते. त्यामुळे या फाटाफुटीत फ्रँक (पश्चिम युरोपातून आलेले हे ख्रिस्ती) म्हणजे आणखी एक सत्ताकांक्षी टोळके, असाच अनेक अमिरांचा समज झाला. अपवाद दमास्कसच्या अल-सुलमी या धर्मशास्त्र्याचा. सिसिली, स्पेन आणि जेरुसलेम येथील आक्रमणे एकाच साखळीतील आहेत, असे त्याने ११०५ च्या सुमारासच सांगितले, परंतु सत्ताधाऱ्यांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

जेरुसलेममधील कत्तलीच्या वर्णनांबाबत मात्र दोन्हीकडची साधने जपून वाचावीत. मोहिमेत स्वतः असलेला पाद्री रेमंड ऑफ अग्विले रक्त घोड्यांच्या लगामांपर्यंत पोचल्याचे लिहितो. ही प्रतिमा बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातली आहे आणि तिच्यामागे ईश्वरी न्याय झाल्याचा आनंद आहे. शतकभरानंतर लिहिणारा मुसलमान इतिहासकार इब्न अल-अथीर अल-अक्सा मशिदीत ७०,००० माणसे मारली गेल्याचे सांगतो. हा आकडा आज इतिहासकार स्वीकारत नाहीत, पण कत्तल झाली याविषयी कोणालाच शंका नाही.

काठावरचा वाचक :
वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त युद्धाइतकेच सहवासाकडेही पाहायला हवे. सीरियातील शैझरचा उमराव उसामा इब्न मुन्किध आपल्या आठवणींत फ्रँकांना शिव्याशाप देतो आणि त्याच ओघात जेरुसलेमच्या टेंपलर (लढवय्या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथातील) सरदारांना आपले मित्र म्हणतो. ते त्याला नमाजासाठी जागा मोकळी करून देत. युरोपातून नुकत्याच आलेल्या एका फ्रँकाने त्याचे तोंड बळजबरीने ख्रिस्ती रीतीप्रमाणे पूर्वेकडे वळवले, तेव्हा त्यांनीच त्या माणसाला बाहेर काढले. उसामा गोष्ट रंगवून सांगणारा आहे, हे धरूनही नवा फ्रँक आणि मुरलेला फ्रँक यांतला त्याने दाखवलेला फरक मला खरा वाटतो. ११८४ मध्ये तिकडून गेलेला स्पेनचा प्रवासी इब्न जुबैर याला तर फ्रँकांच्या अमलाखालचे मुसलमान शेतकरी समाधानी दिसले, आणि त्याला त्याचेच दुःख झाले.

शोधयात्री :
दोघांचेही आभार. मग जिहादची भाषा राज्यकर्त्यांच्या तोंडी नेमकी केव्हा आली?

दप्तरखाना :
मोसुल व अलेप्पोचा शासक झंगी याने ११४४ मध्ये फ्रँकांकडून एडेसा हे शहर घेतल्यापासून तिला जोर चढला. त्याचा मुलगा नूरुद्दीन आणि त्यानंतर सलाउद्दीन यांनी तिच्यावर राज्ये उभारली, जरी सलाउद्दीनची कित्येक वर्षे मुसलमान प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यातच गेली. पण ही भाषा कायम टिकली नाही. १२२९ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याने लढाई न करता जेरुसलेम ख्रिस्ती सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकला देऊन टाकले आणि हरम शरीफ (अल-अक्सा मशिदीचा परिसर) तेवढा मुसलमानांकडे ठेवला. पोपने बहिष्कृत केलेल्या सम्राटाने हा तह केल्यामुळे चर्चही संतापले. दमास्कसच्या जामा मशिदीत शोकाचे प्रवचन झाले, पण ते करवून घेणारा नासिर दाऊद हा अल-कामिलचा पुतण्या होता, आणि त्या वेळी काकाचेच सैन्य त्याच्या शहरावर चालून आले होते.