मेलबर्नला जाताना बायोसिक्युरिटीवाले (बाहेरची कीड-रोग देशात येऊ नयेत म्हणून सामान तपासणारे) काय काय काढून घेतात? (बडोदा)

रावपुरा_मी: आम्ही दोघं व्हिजिटर व्हिसावर लेकीकडे निघालोय. यादी: भाखरवडी, तूरडाळ, धणे-जिरे, पेढे आणि नातीसाठी संखेड्याचा बाजोठ (लाखकामाचा लाकडी चौरंग). तिथे बाजोठावर कीड मारायची प्रक्रिया (धुरी वगैरे) करावी लागली तर १०० डॉलरच्या वर जायचं नाही. वॉरंटशिवाय वस्तू ठेवून घेता येते का? यातलं काय वगळू?

वाडीकर: पेढे वगळाच. आपल्याकडे गुरांचा लाळ्या-खुरकूत रोग आहे, त्यांच्याकडे नाही, त्यामुळे दुधाची मिठाई चालत नाही. तूरडाळ, धणे, जिरे, बडीशेप, शेंगदाणे, सुक्या मिरच्या हे सगळं खाप्रा भुंग्यामुळे (साठवलेल्या धान्यातली कीड) बंद आहे. त्याची अळी फटीत लपून, काही न खाता वर्षानुवर्षं तग धरते. पाकीट दुकानातलं आणि सीलबंद असलं तरी तुमची कच्ची डाळ जाणार. भाखरवडी तळलेली आहे, कंपनीच्या बंद पाकिटात न्या आणि घटकांची यादी दिसू द्या.

दांडियाबाजार: कशाला एवढं? मेलबर्नच्या डँडेनाँग भागात भारतीय दुकानांची रांग आहे, डाळ तिथेच घ्या.

कारेलीबाग_७: न्यूझीलंडला न सांगता काही नेलं तर जागेवर ४०० डॉलर दंड.

वाडीकर: ते मेलबर्नला चाललेत.

सयाजीगंज: वॉरंटचा मूळ प्रश्न राहिला. २०१५ चा बायोसिक्युरिटी अ‍ॅक्ट १६ जून २०१६ पासून लागू आहे. बाहेरून आलेला माल तिथे पोचताच त्या कायद्याच्या ताब्यात जातो. बॅग उघडायला, नमुना घ्यायला, प्रश्न विचारायला वॉरंट लागत नाही. मग पर्याय तीन: तुमच्या खर्चाने प्रक्रिया, तुमच्या खर्चाने परत पाठवणं, नाहीतर नष्ट करणं. पॅसेंजर कार्डावर (उतरताना सामानाची माहिती द्यायचा फॉर्म) 'होय' लिहिलंत तर वस्तू गेली तरी दंड नाही. 'नाही' लिहून सापडली तर हजारो डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि २०१९ पासून व्हिजिटर व्हिसाही रद्द होऊ शकतो. दंडापेक्षा याची काळजी करा.

मांडवी_जुनी: बाजोठ एअर कार्गोने पाठवा, डाळही त्यातच.

सयाजीगंज: कार्गोला डाळीचे नियम तेच आणि खर्च कितीतरी जास्त. त्यांनी १०० म्हटलंय.

दांडियाबाजार: लाकूड नकोच. तिथे प्लास्टिकचा पाट मिळतो.

लाकूडकाम_बडोदा: संखेड्याच्या कामात खरी अडचण लाखेची आहे. लाखेतून धुरीचा वायू आत शिरत नाही, चारही बाजू बंद असल्या तर धुरी फुकट. कारागिराला सांगा, तळाची बाजू कोरी ठेव. मग पायांच्या खोबणीत आणि सांध्यांत टॉर्च मारून बघा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली रव्यासारखा भुसा पडलेला असेल तर आत कीड आहे, तो नग घेऊच नका. लाकडावर झाडाची साल एक चिमूट राहिली तरी अडवतात. गवताच्या पेंढ्यात बांधू नका, फोम वापरा.

कारेलीबाग_७: बुटांची माती विसरू नका. तळवे ब्रशने धुवून, सुकवूनच भरा.

मांडवी_जुनी: पेढे कपड्यांत गुंडाळले तर कोण बघतंय?

वाडीकर: एक्स-रे आणि वास घेणारी कुत्री, दोन्ही बघतात. हा सल्ला कुणाला देऊ नका.

रावपुरा_मी: सगळ्यांचे आभार. डाळ, धणे-जिरे, पेढे काढले. बाजोठ मात्र नेणारच, तळ कोरा ठेवून, कार्डावर 'होय' लिहून. प्रक्रियेचा खर्च १०० च्या वर निघाला तर तिथेच सोडून देईन.

लाकूडकाम_बडोदा: मग तो बॅगेत सगळ्यात वर ठेवा, तळ झाकणाकडे करून. कारागिराच्या बिलावर लाकडाचं नाव लिहून घ्या, विचारलं की दाखवता येईल.