ते पट्ट्यांशी झटणं खरंच होतं

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर झालेल्या स्वारीच्या सिनेमांत अमेरिकन पॅराट्रूपर (विमानातून पॅराशूटने उतरणारे सैनिक) खाली आल्यावर पॅराशूटच्या पट्ट्यांशी झटत बसतात, ते दिग्दर्शकाने उगाच ताणलंय असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. जून १९४४ मध्ये त्यांच्या पाठीवर टी-५ पॅराशूट होतं. छातीवर एक आणि दोन मांड्यांवर दोन असे तीन हुक, तिन्ही वेगवेगळे सोडवायचे. त्यावर पोटपट्टा आणि पुढे राखीव पॅराशूट. उतरल्यावर पट्टे ताणलेले असले की हुक हलतच नाही, म्हणून अनेकांनी सुऱ्याने पट्टे कापले. नॉर्मंडीतल्या मेर्देरे नदीकाठची कुरणं जर्मनांनी पाण्याखाली घातली होती. तिथे कमरेएवढ्या पाण्यातही माणसं बुडाली, कारण ओझं आणि छत्री (पॅराशूटचं कापड) दोन्ही अंगाला अडकलेलं. ब्रिटिशांच्या एक्स-टाइप पॅराशूटला मधोमध एकच डबी होती: फिरवा, ठोसा मारा, सगळे पट्टे मोकळे. शिवाय त्यात आधी दोऱ्या सुटत, मग छत्री उघडे, त्यामुळे हिसका सौम्य. टी-५ मध्ये छत्री आधी फुगायची. त्या रात्री तोफांच्या माऱ्यामुळे बरीच विमानं ठरल्यापेक्षा वेगात होती, म्हणून हिसका आणखी जबर बसला आणि पायाला बांधलेल्या सामानाच्या पिशव्या तुटून गेल्या. सिनेमात हा हिसका जवळजवळ कधीच दिसत नाही, खरी चूक ती.