मदत हवी आहे: लेकराचा कान सारखा फुटायलाय आणि अंगावर गांधी उठायल्यात

नमस्कार, मी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्यात आमचं गाव आहे. इथं पहिल्यांदाच लिहायलेय, थोडं लांब होईल पण नीट वाचा ही विनंती.

माझी मुलगी 14 महिन्यांची आहे. दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा पहिल्यांदा कान दुखला, मग संक्रांतीच्या आठवड्यात, मग होळीच्या आधी आणि आता गेल्या सोमवारपासून परत. दरवेळी तसंच, आधी दोन दिवस नाक गळतं, मग ताप, मग रात्री झोपेतून दचकून उठते, कान ओढते आणि असं रडते की शेजारच्या काकू येऊन दार वाजवतात. ह्यावेळी बुधवारी रात्री अडीचला रडता रडता एकदम गप झाली, मला वाटलं औषधानं झोप लागली, सकाळी बघते तर उशीचा अभ्रा पिवळा आणि कानाच्या पाळीवर पू वाळलेला. पडद्याला भोक पडलं की आतला दाब जातो म्हणून दुखायचं थांबतं आणि ते भोक बहुतेक लेकरांचं आपोआप भरून येतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण त्या सकाळी माझे हातपाय गळाले होते.

आता गांधींचं सांगते. होळीच्या वेळी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलीनच्या गटातलं अँटीबायोटिक) चालू होतं, पाचव्या दिवशी पोटावर आणि पाठीवर गांधी उठल्या. डॉक्टरांनी औषध बदललं आणि फाईलवर लाल पेननं लिहून दिलं, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी. तेव्हापासून दुसरं अँटीबायोटिक देतात, त्यानं तिला जुलाब होतात, ढुंगण लाल होऊन सोलतं. पण ह्यावेळी काय झालं, सोमवारी रात्री ताप आला आणि मंगळवारी पहाटेच मांड्यांवर गांधी, अँटीबायोटिकचा तर पहिला डोससुद्धा दुपारी दिलाय! मग मी एक केलं, निळ्या बॉलपेननं तीन गांधींभोवती गोल काढले आणि फोटो काढला. संध्याकाळी गोल तसेच, आत कातडी एकदम साफ, आणि नव्या गांधी दंडावर. म्हणजे औषध नव्हतंच तरी उठल्या, मग ती अ‍ॅलर्जी खरी का तापाचंच हे सगळं, हा माझा मुख्य प्रश्न आहे. कारण आयुष्यभर फाईलवर ते लाल अक्षर राहिलं तर पुढं मोठ्या आजारात साधं चांगलं औषध द्यायला कुणी धजणार नाही.

घरी सासूबाईंनी अंडं, शेंगदाण्याचं कूट, वांगं, म्हशीचं दूध, सगळं बंद करायला लावलंय. मी वहीत लिहायलेय काय खाल्लं आणि कधी उठल्या. अंडं तिनं आठ वेळा खाल्लंय, एकदाही काही झालं नाही. खाण्याची अ‍ॅलर्जी असली तर बहुतेक काही मिनिटांत नाहीतर दोन तासांच्या आत दिसते म्हणतात. लेकरू आधीच वाळलंय, त्यात अंडं बंद करणं मला पटत नाही. गेरू लावून झाला, घोंगडीत गुंडाळून झालं, त्यानं उलट घाम येऊन जास्तच खाजवलं. दृष्ट काढतात ती काढू द्या, त्यांचाही जीव तुटतो नातीसाठी. पण कानात लसणाचं कोमट तेल मात्र मी घालू दिलं नाही, त्यावरून दोन दिवस अबोला होता. फुटलेल्या कानात तेल गेलं तर काय होईल ह्या विचारानंच मला झोप येत नव्हती. हे पुण्याला कंपनीत आहेत, पंधरा दिवसांनी येतात, फोनवर किती सांगणार.

मी काय काय बदललं ते पण लिहिते. अंघोळीनंतरची ओव्याची धुरी बंद केली, मामंजी आता बिडी ओढायला गोठ्याकडं जातात (त्यांनी न बोलता ऐकलं). झोपवून बाटली देत होते ते बंद, मांडीवर उभट धरून पाजते. लहान लेकरांची नाकापासून कानाला जाणारी नळी आखूड आणि आडवी असते म्हणून नाकातलं इन्फेक्शन लगेच कानात जातं. न्यूमोकॉकलची लस (न्यूमोनिया आणि कानाचं इन्फेक्शन करणाऱ्या एका जंतूवरची) दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तिन्ही वेळा सरकारी दवाखान्यात घेतलीय. सहा महिन्यांत तीन वेळा झालं तरी वारंवार होतंय असं धरतात, आमचं तर चार वेळा झालं. ग्रोमेट म्हणजे पडद्यात बारीक नळी बसवतात ते कुणाच्या एवढ्या लहान लेकराचं केलंय का, नंतर अंघोळ घालताना काय करता, आणि खाजेनं रात्र रात्र जागतं तेव्हा कसं झोपवता? खाजेवरचं सिट्रिझिन डॉक्टरांनी वजनावर दिलंय, त्याचं माप मी इथं लिहीत नाही, कुणी बघून देऊ नये म्हणून. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, उलट्या होऊन लेकरू गळून गेलं तर तसंच दवाखान्यात पळायचं हे मला माहिती आहे, तसं काही नाही.

नंतर लिहितेय, नऊ दिवसांनी

ज्या ताईंनी फोटो आणि वही घेऊन लातूरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखव म्हणून सांगितलं त्यांचे लई उपकार. डॉक्टरांनी फोटो नीट मोठे करून बघितले, म्हणाले ह्या वयात गांधी उठायचं सगळ्यात मोठं कारण व्हायरलच. आणि फाईलवर पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी लिहिलेल्या दहातल्या नऊ जणांना तपासलं तर ती निघत नाही. पण अमॉक्सिसिलिन आपल्या मनानं घरी देऊन बघायचं नाही, ती पूर्ण बरी झाली की दवाखान्यात बसवून थोडा डोस देऊन लक्ष ठेवणार आहेत. अंडं लगेच सुरू करा म्हणाले, सासूबाई सोबतच होत्या, त्यांनी समोर ऐकलं ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उकडून दिलं.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की दुसऱ्या कानाच्या पडद्यामागं पाणी साठलंय, ते तीन महिन्यांपर्यंत राहू शकतं, तोवर ग्रोमेटची घाई नको. पण मी सांगितलं की मागून नावानं हाक मारली तर वळत नाही, झोळीची दोरी हलली तर वळते. म्हणून ऐकू येण्याची बेरा तपासणी लिहून दिलीय, पुढच्या गुरुवारी. त्यात लेकरू गाढ झोपलेलं लागतं, डोक्याला वायरी लावतात. आमची झोळीशिवाय झोपतच नाही, मांडीवर टाकलं की डोळे उघडते. झोपेचं औषध देऊ म्हणतात पण मला आधी तसंच बघायचंय. कुणी केलंय का असं? पहाटे उठवून तशीच नेऊ का, औशाहून एसटीत पाऊण तास, रस्त्यातच झोपली तर काय करू?