मैदान गेले तरी क्लब उरतो तो क्रमांकामुळे

मैदान विकले गेले की छोट्या क्लबचा इतिहासही तिथेच संपतो, असे अनेकदा म्हटले जाते; हे मत मला पूर्णपणे मान्य नाही, कारण बेल्जियममध्ये फुटबॉल क्लबची ओळख जागेपेक्षा त्याच्या नोंदणी क्रमांकाशी, म्हणजे तिकडच्या भाषेत 'मॅट्रिक्युल'शी, अधिक घट्ट बांधलेली असते. हे क्रमांक 1926 साली बेल्जियमच्या फुटबॉल महासंघातील सदस्यत्वाच्या ज्येष्ठतेनुसार दिले गेले आणि क्लब दिवाळखोरीत निघाला किंवा दुसऱ्यात विलीन झाला की त्याचा क्रमांक सहसा कायमचा पुसला जातो.

लिएज शहरातील आरएफसी लिएज या क्लबचे उदाहरण या चर्चेत यायलाच हवे. 1892 साली स्थापन झालेला आणि 1896 मध्ये बेल्जियमचा पहिला विजेता ठरलेला हा क्लब लिएजच्याच रोकूर भागातील वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींची धावपट्टी असलेल्या मैदानावर, खेळत असे. सायकल शर्यतींसाठीही प्रसिद्ध असलेले ते मैदान 1990च्या दशकाच्या मध्यात बंद होऊन पाडले गेले आणि त्या जागी चित्रपटगृहांचे संकुल उभे राहिले. 1995 मध्येच क्लब पहिल्या श्रेणीतून खाली आला आणि शेजारच्या तिल्यर गावच्या क्लबशी त्याचे विलीनीकरण झाले, पण त्यात लिएजचा क्रमांक 4 टिकला, तिल्यरचा मात्र गेला, आणि त्या दुसऱ्या क्लबच्या समर्थकांचे दुःख आपण विसरू नये असे मला मनापासून वाटते. पुढची सुमारे वीस वर्षे आरएफसी लिएज खालच्या श्रेणींत, सरांगसारख्या शेजारच्या गावांतील परक्या मैदानांवर खेळत राहिला आणि 2015 मध्ये रोकूरमध्येच एका साध्या, लहान मैदानावर परतला.