मदत हवी आहे : कॉलेजच्या जिमखान्यातून विद्यापीठाच्या क्रीडा संचालकपदाकडे, सीएचबीची (तासिका तत्त्वावरची) वर्षं धरतात का?

नमस्कार मंडळी,

विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.

मी 37 वर्षांची, ग्रामीण भागातल्या अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक. एम.पी.एड., सेट, पीएच.डी. झालंय. खो-खोमध्ये पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ खेळले आहे. सुरुवातीची 4 वर्षं सीएचबीवर, नंतर 6 वर्षं नियमित.

यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठ संचालकासाठी पीएच.डी. आणि 10 वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय स्पर्धा आणि किमान 2 आठवड्यांची प्रशिक्षण शिबिरं घेतल्याचा, संघ घडवल्याचा पुरावा. माझे 4 आणि 6 मिळून 10 होतात. पण सीएचबीत पैसे तासांचे मिळायचे, पहाटेचा सराव कुठल्याच तासात बसत नव्हता. मुली घरचं पाणी भरून यायच्या, म्हणून तो कधी चुकवला नाही. ही वर्षं मोजतील का?

दुसरं, पुराव्याचं. माझ्या 3 मुली विद्यापीठाच्या संघात खेळल्या. पण संघ सगळ्या कॉलेजांचा मिळून, मार्गदर्शक म्हणून पत्र दुसऱ्यांच्या नावाने. एकदा 15 दिवसांचं शिबिर आमच्याकडे झालं, तेव्हा सगळं तोंडीच ठरलं, आदेश हातात आलाच नाही.

हे पद मला का हवंय तेही सांगते. शिबिर कुठे घ्यायचं, प्रवासभत्ता आधी द्यायचा की स्पर्धा उरकल्यावर, हे तिथे ठरतं. माझी एक चांगली धावपटू केवळ गाडीभाड्यापायी शिबिराला गेली नाही. ते मला विसरता येत नाही. पण वेळापत्रकं, प्रवेशिका, ग्रेस गुणांच्या याद्या यांतच तिथे दिवस जातो का? मैदान सुटतं का?

प्रतिसाद

ताई, मी अशाच विभागातून निवृत्त झालोय. स्पष्ट सांगतो, सीएचबीची वर्षं धरू नका. तात्पुरती सेवा मोजायला रीतसर निवड समिती लागते आणि नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगाराहून कमी वेतन चालत नाही. तासिकेचं मानधन त्यात बसत नाही.

म्हणजे तुमची 6 वर्षं. उपसंचालकाला 8 लागतात, तो दरवाजा 2 वर्षांत उघडेल. त्याला शारीरिक क्षमता चाचणी आहे : महिलांना चाळिशीपर्यंत 8 मिनिटांत 800 मीटर. तुम्हाला जड नाही.

शिबिराचं मात्र आजच हाती घ्या. हजेरीपट, मैदानाचा परवाना, जेवणाची बिलं जोडून विभागाकडे लेखी प्रमाणपत्र मागा, पोच घ्या. मुलींच्या निवडपत्रांवर कॉलेजचं नाव असतं, त्यांच्या प्रती काढा. यापुढे पत्र हातात पडल्याशिवाय शिबिर सुरू करू नका.

मैदानाचं म्हणाल, तर अश्वमेधच्या (राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवाच्या) दिवसांत आम्ही रात्री बारापर्यंत खेळाडूंच्या राहण्याची सोय बघायचो. सामने कानावर यायचे, बघायला मिळायचे नाहीत. पण आगाऊ भत्ता मंजूर करून घेता येतो. मी तो खेळाडूंना मिळवून दिला आहे.

धागाकर्ती

सर, मनापासून आभार. हजेरीपट सापडला, 15 दिवसांच्या सगळ्या सह्या आहेत. मेसवाल्या काकांकडे जुनी वही आहे म्हणतात, उद्या जाते. आगाऊ भत्त्याचा प्रस्ताव कॉलेजच्या पातळीवरून पाठवता येतो का? येत असेल तर त्याचा मसुदा कसा असावा?