मदत हवी आहे: लढाऊ मॉडेल युद्धनौका बुडायच्या आधीच पालथी होते

गॅरेजवाला

मंडळी, प्रश्न जरा चमत्कारिक आहे. पण इथे जहाजबांधणीतले, मेकॅनिकलवाले आणि कोकणातले बरेच जण वावरतात, म्हणून धागा काढतोय.

मी टेक्सासमध्ये राहतो. इकडे रिमोटवर चालणाऱ्या युद्धनौकांची लढाई खेळतात, आणि ती लुटुपुटूची नसते. १:१४४ मापाची बोट, आत सीओटूची छोटी बाटली, तिच्या दाबावर चालणाऱ्या तोफा आणि तोफांत ४.५ मिमीचे स्टीलचे छर्रे. बोटीच्या बाजूंना फासळ्यांवर जेमतेम ०.८ मिमी जाडीचा बाल्सा (हलकं, मऊ लाकूड) चिकटवलेला असतो. छर्रा लागला की भोक. आत आलेलं पाणी बाहेर फेकायला एकच पंप, आणि त्याचं तोंड नियमाने बारीक, साधारण ३ मिमी. पंप पुरा पडला नाही की गेली बोट तळाला. काठावरचे सगळे गॉगल लावून उभे असतात. लढाई संपली की शत्रूलाच बोलावून भोकं मोजायची: पाण्याच्या रेषेच्या वरच्या भोकाला १० गुण, रेषेवरच्याला २५, खालच्याला ५०. बायकोच्या मते हा पन्नाशीकडे झुकलेल्या पुरुषांचा भातुकलीचा खेळ आहे. असेलही.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याने जर्मनांची 'फॉन डेर टान' निवडली. हिने ३१ मे १९१६ ला जटलंडच्या लढाईत ब्रिटिशांची 'इंडिफॅटिगेबल' बुडवली. पुढे हिच्या सगळ्या मोठ्या तोफा बंद पडल्या, तरी इंग्रजांचा मारा इतर जहाजांवर एकवटू नये म्हणून ही रांगेतच राहिली. हे वाचल्यावर तो दुसऱ्या बोटीचं नावच घेईना. मूळ जहाज १७१.७ मीटर, म्हणजे आमचं ११९ सेंमी. रुंदी १८.५ सेंमी, सगळं सामान धरून वजन ६.८ किलो.

चार महिने गॅरेजमध्ये खपलो. टबमध्ये सोडली तर सरळ तरंगते, तळ्यावर वेगातही बरी चालते. मग मगाने आत पाणी ओतून पाहिलं. अर्धा लिटर झाला की डावीकडे कलते, पाऊण लिटरला पालथी. पंप मधोमध तळाला बसवलाय, पण कलल्यावर सगळं पाणी डाव्या कुशीत आणि पंप मधे कोरडा घरघरतोय. लढाईला तीन आठवडे उरलेत. डावी बाजू जड असावी म्हणून उजवीकडे शिसं लावलं, तर आता उजवीकडे पालथी होते!

दुसरी अडचण: पुढच्या तोफेतून छर्रे आपोआप घरंगळतात. एकदा ट्रिगर दाबला की कधी एक सुटतो, कधी दोन, कधी नुसतीच हवा.

खवचट_शेजारी

बुडवण्यासाठीच बांधायची, तर पालथी बुडली काय आणि सरळ बुडली काय, फरक काय पडतो राव?

गॅरेजवाला

पडतो ना. मैदान सोडायचं असेल तर 'पाच' असं ओरडावं लागतं, आणि त्यानंतर पाच मिनिटं तळ्यातच तग धरायचा. त्या पाच मिनिटांत शत्रूपक्षाचे सगळे तुटून पडतात. सरळ बसत गेलेली बोट डेकपर्यंत पाणी आलं तरी पंप मारत राहते. पालथी झाली की पंपही नाही आणि तोफाही नाहीत.

डॉकयार्डरोड_स्लो

गॅरेजवाले, शिसं काढा आधी. आलटून पालटून दोन्ही बाजूंना पालथी होते, म्हणजे वजन एका अंगाला जास्त आहे हे निदानच चुकलं. तिला आधार कमी आहे.

एक काम करा. टबमध्ये बोट रिकामी तरंगू द्या, डेकची कड बोटाने दाबून सोडा आणि दहा झोके मोजा. एका झोक्याला, म्हणजे तिकडे जाऊन परत यायला, किती वेळ लागतो ते सांगा. शिवाय बाटली, बॅटरी वगैरे किती उंचीवर आहे तेही कळवा.

गॅरेजवाला

दहा झोक्यांना वीस सेकंद. बाटली फासळ्यांवर आडवी टाकलीय, बॅटरी उभी आहे. डेक ६ मिमी प्लायचा. तोफांचे मनोरे मुलाने भरीव लाकडाचे केलेत, पॉलिश वगैरे मारून.

डॉकयार्डरोड_स्लो

मनोऱ्यांचं ऐकून वाईट वाटलं, पण तेच गुन्हेगार आहेत.

ढोबळ हिशोब असा. रुंदी मीटरमध्ये घ्या, ०.८ ने गुणा, झोक्याच्या सेकंदांनी भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा. ०.१४८ भागिले २, त्याचा वर्ग, म्हणजे ०.००५५ मीटर. तुमच्या बोटीची जीएम, म्हणजे तिला सरळ ठेवणारी शिल्लक, फक्त साडेपाच मिलिमीटर आहे. संथ, डौलदार झोके दिसायला छान दिसतात, पण ते आजारी माणसाच्या चालीसारखे असतात. बोट चटचट सरळ व्हायला हवी.

आता आतलं पाणी. तळ सपाट असेल तर पाणी या कुशीवरून त्या कुशीला धावतं. त्यामुळे जीएम किती घटते हे पाण्याच्या पसाऱ्याच्या लांबीवर आणि रुंदीच्या घनावर ठरतं. घनावर, हे लक्षात ठेवा. तुमचं पाणी ८० सेंमी लांब आणि १६ सेंमी रुंद पसरलं असं धरलं, तर लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले बारा, आणि ते बोटीने बाजूला सारलेल्या ६.८ लिटर पाण्याने भागायचं. उत्तर येतं ४ सेंमी. तुमच्याकडे शिल्लक अर्धा सेंमी, खर्च चार सेंमी. ती उभी राहीलच कशी? कुठल्या बाजूला पडेल हा मग नुसता नशिबाचा भाग.

उपाय: कुशी भरून टाका आणि मधोमध ३ सेंमी रुंदीचा पाट ठेवा, पुढून मागपर्यंत. तीच ८० सेंमी लांबी, पण रुंदी ३. आता तोटा पाव मिलिमीटरच्या आसपास. पाट तुडुंब भरून वाहू लागला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, पण तोवर पंपाला भरपूर वेळ मिळतो. भराव किती उंच चालतो ते तुमच्या क्लबच्या नियमांत बघा.

रापणकर

आमच्याकडे होडी हलकी वाटली की तळाला नीरम टाकतात, दगड नाहीतर वाळूची पोती. पोती घसरू नयेत म्हणून चेपून बसवतात. सुटं वजन होडीत सगळ्यात वाईट, मग ते पाणी असो की पाहुणा.

आणि एवढं करताय तर कान्होजी आंग्र्यांचं गुराब, ते शिडाचं लढाऊ जहाज, का नाही करत?

गॅरेजवाला

रापणकर, मनात होतं. पण इथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पोलादी जहाजंच चालतात. गुराबावर छर्रे मारायला माझाही हात धजणार नाही.

जुना_तोपची

मी इकडे काही वर्षं खेळलोय, म्हणून दोन गोष्टी.

छर्रे घरंगळणं म्हणजे तोफेच्या मागची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेली. तिचं काम एकच: दाब येईपर्यंत छर्रा अडवून धरणं. ती सैल असली की बोट पुढे झुकताच छर्रा बाहेर, आणि मागचा त्याच्या जागी. दोन सुटतात ते त्यामुळे. नवी टाका, सिलिकॉन तेलाचा एकच थेंब द्या. नुसती हवा येते तेव्हा छर्रा मागे नळीतच अडकलेला असतो. नळीला कुठे चपटा बाक आलाय का बघा, आणि गंजके छर्रे फेकून द्या. फार भराभर मारलंत तर गॅस गार होऊन दाबही पडतो. रेग्युलेटर, म्हणजे बाटलीचा दाब कमी करणारी झडप, १५० पीएसआय दाबाच्या वर नेऊ नका. आणि बोट लढाईच्या तळ्यात जाईपर्यंत तोफांच्या सुरक्षा पिना काढू नका, घरच्या टबमध्येसुद्धा.

पंप पाटाच्या सर्वांत खोल जागी ठेवा, आणि बोट किंचित मागे झुकती ठेवा म्हणजे पाणी आपणहून तिकडे येईल. पंपाच्या तोंडाला जाळी लावा. बाल्साचा एक कपचा पुरतो पंप बंद पाडायला. मी दोनदा त्यानेच बुडालोय.

गॅरेजवाला

मंडळी, उशीर झाला कळवायला.

मनोरे आतून पोखरले (मुलगा दोन दिवस बोलत नव्हता), डेक ३ मिमीचा केला, बाटली आणि बॅटरी तळाला आडवी. वाचलेल्या वजनाचं शिसं कीलवर (तळाच्या कण्यावर), चेपून, रापणकर. कुशीत फोम आणि वर इपॉक्सी. झोका आता १.२ सेकंद, म्हणजे दीड सेंमी. सव्वा लिटर ओतलं तरी सरळ होती, फक्त मागून खाली बसत होती.

परवा लढाई झाली. पहिल्या फेरीत मुलाने एका ब्रिटिश बोटीला रेषेखाली तीन भोकं पाडली. दुसऱ्या फेरीत दोघांनी त्याला काठाजवळ कोंडला. त्याने 'पाच' पुकारलं आणि चौथ्या मिनिटाला ती बुडाली. पण सरळ! आधी मागचा डेक, मग चिमण्या, शेवटी डोलकाठी, आणि शेवटपर्यंत पंपाची चिळकांडी उडत होती. काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोरीला बांधलेला तरंगता बूच वर आला, मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि ओढून काढली. एकोणीस भोकं. रिमोटचे संदेश घेणाऱ्या रिसीव्हरच्या डबीत मात्र पाणी शिरलंय. झाकणाला कडेने सिलिकॉन लावलं होतं, तरी शिरलं. यावर कुणाकडे काही उपाय?